तास चालू आहे

“रसवाहिनी बाहेर आणि जलवाहिनी आत. उलटं काय सांगताय मुलांना?”

आवाज पाठीमागून आला. स्क्रीनवरच्या चौकोनांत सकाळपासून पेंगणारी मुलं एकदम ताठ बसली. ज्यांनी कॅमेरे बंद ठेवले होते त्यांनीही पटापट चालू केले. तिनं मान वळवून पाहिलं. बाबा दारात उभे होते. वर इस्त्रीचा पांढरा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं लावलेला, खाली पायजमा आणि हातात खडू धरावा तसा धरलेला टूथब्रश.

तिनं समोरच्या आकृतीकडे बघितलं. सूर्यफुलाच्या खोडाचा आडवा छेद. आदल्या रात्री बाबांनी डोळ्याला डोळा लागू दिला नव्हता आणि झोपेच्या तारेत ती खरंच उलटं बोलून गेली होती. आपला नाश्ता झाला की नाही हे पुन्हा पुन्हा विचारणाऱ्या माणसानं खोडातली चूक मात्र बरोबर पकडली होती.

“बरोबर आहे, सर,” ती म्हणाली. “माझंच चुकलं. मुलांनो, दुरुस्त करून घ्या. आणि सर, तुमचा तास पुढचा आहे.”

“असं का? मग बसतो मी स्टाफरूममध्ये.”

बाबा वळले आणि स्वयंपाकघरात गेले. ते गेल्यावर मुलं मनसोक्त हसली. हसण्यात वाईट काही नव्हतं, पण तिला रडू येत होतं आणि तास संपायला अजून बराच अवकाश होता. पाणी पिऊन तिनं घसा साफ केला आणि खोड पुढे चालू ठेवलं.

त्यांच्या कॉलेजच्या इमारतीला तडे गेले होते. तज्ज्ञ आले, तड्यांचे फोटो काढून घेतले, गंभीर माना हलवल्या आणि चहा पिऊन गेले. मग इमारत डागडुजीला आणि प्राध्यापक आपापल्या घरी, असा निर्णय झाला. बाकीचे कुरकुरले, पण ती मनातून खूश झाली होती. बाबांना विसरण्याचा आजार जडल्यापासून तिचा जीव कॉलेजात कधी रमलाच नव्हता. आता घरी बसून शिकवायचं, बाबा डोळ्यांसमोर राहणार, सुंठीवाचून खोकला गेला असं तिला वाटलं. बाबांना या घरातून कुठे पाठवायचं नाही, हे तिनं आई गेली तेव्हाच ठरवून टाकलं होतं. आयुष्यात बाकी तिनं फारसं काही ठरवलं नव्हतं. लग्नाचंही ठरवता ठरवता राहून गेलं.

बाबा त्याच कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झाले होते. ती त्यांच्याच हाताखाली शिकली आणि पुढे त्यांच्याच जागेवर लागली. घरात ती त्यांची ठमी, पण वर्गात पाऊल टाकलं की इतरांसारखाच एक हजेरी क्रमांक. तिथं त्यांना सरच म्हणायचं. म्हाताऱ्या बाबांचं डोकं फिरायला लागलं तेव्हा ही जुनी सवय तिच्या कामी आली. ‘बाबा, झोपा आता’ म्हटलं की ते ढिम्म हलत नसत. ‘सर, कॉलेज सुटलं’ म्हटलं की मुकाट्यानं चपला काढून पलंगावर जाऊन पडत. तिला ते बहुतेक वेळा नव्यानं लागलेल्या कुणी मॅडम समजत. ठमी क्वचितच आठवायची.

सरांच्या तासाचा एक नियम सगळ्या गावाला माहीत होता. तास चालू असताना मध्ये बोलायचं नाही, दार वाजवायचं नाही. काही असेल तर हात वर करून थांबायचं. हातातला मुद्दा संपला की सर स्वतः विचारत, “हं, बोला.” एकदा म्हणे एका मुलाच्या अंगावर छतावरून पाल पडली, तर तो शर्टात वळवळणाऱ्या पालीसकट हात वर करून उभा राहिला. पाल सरांनाही दिसली होती, पण मुद्दा संपायचा होता. तो मुलगा मीच, असं सांगणारे त्या कॉलेजातून निदान दहा-बारा जण तरी बाहेर पडले. आताचे प्राचार्य त्यांतलेच एक.

त्याच प्राचार्यांचा त्या संध्याकाळी फोन आला. कुणीतरी टूथब्रशचा तो प्रसंग टिपून सगळीकडे पाठवला होता.

“मॅडम, सरांबद्दल आदरच आहे हो,” प्राचार्य म्हणाले. “त्यांनी कान पिळले म्हणून आज इथं बसलोय. पण मुलं हसतायत. पालक विचारतायत. आणि खरं सांगू का, सरांचं असं हसं झालेलं मलाच बघवत नाही.”

“मी काळजी घेईन, सर.”

“आणि जरा स्वतःची पण घ्या. मागच्या मीटिंगला तुम्हाला बघून स्टाफमधली मंडळी म्हणाली, या बाईंचं काही खरं नाही. आपण शिक्षकांसाठी ते मनःस्वास्थ्याचं सत्र ठेवलंय ना, त्याला बसा. नुसतं नाव लावून कॅमेरा बंद करू नका बरं का.”

सत्राला ती बसली, पण कॅमेरा बंद करूनच, कारण मांडीवर बाबांचा पाय होता आणि ती त्यांची नखं कापत होती. समुपदेशक बाईंच्या मागे समुद्रकिनाऱ्याचं खोटं चित्र होतं आणि बोलताना त्यांचा एक कान सारखा समुद्रात बुडत होता. घरून काम करताना कामाची जागा वेगळी ठेवा, त्या म्हणाल्या. दार लावून घ्या. घरच्यांना सांगा, या वेळात मी नाही. नाही म्हणायला शिका. स्वतः कोलमडलात तर दुसऱ्याला कोण सावरणार?

उंटावरून शेळ्या हाकणं सोपं असतं, असं तिच्या मनात आलं. पण नख कापता कापता बाबांच्या अंगठ्याला कात्री लागली आणि रक्ताचा थेंब आला, तेव्हा तिला वाटलं, बाई बोलतायत ते काही खोटं नाही. गेल्या कित्येक दिवसांत ती गरम चहा प्यायली नव्हती. केस गळत होते. परवा तर आंघोळ करताना आपण डोक्यावरून पाणी घेतलं की नाही तेच आठवेना. बाबांचा आजार तिला लागतो की काय, अशी भीती वाटून ती नळाखाली रडली होती.

बैठकीच्या खोलीला लागून काचा लावून बंद केलेली बाल्कनी होती. तिनं तिथले रिकामे डबे आणि मोडकी सायकल हलवली, टेबल लावलं आणि मधलं काचेचं सरकतं दार ओढून घेतलं. कानांत हेडफोन घातले. बाहेरचा आवाज एकदम नाहीसा झाला. तिला इतकं हलकं वाटलं की तिची तिलाच लाज वाटली.

बाबांनी कुरकुर केली नाही. उलट बंद दार बघून त्यांच्या चेहऱ्यावर समाधान आलं. दार लागलं म्हणजे तास चालू, एवढं त्यांना पक्कं कळत होतं. ते आपली खुर्ची काचेच्या बाहेर ओढत आणि मांडीवर हात ठेवून बसत. सकाळी कामाला येणाऱ्या मावशी केर काढायला लागल्या की बोट ओठांवर ठेवून त्यांना दटावत.

“आता केर पण मुक्यानं काढायचा का, आजोबा?” मावशी म्हणायच्या. “झाडूला कुणी सांगावं?”

काही सुचलं की बाबा काचेपलीकडे उभे राहून उजवा हात वर करत. ती आतून पंजा दाखवायची, थांबा. ते मान हलवून थांबत. तास संपला की ती दार सरकवून विचारायची, “हं, बोला सर.” प्रश्न ठरलेले असत. आज परीक्षा आहे का? माझं जेवण झालं का? घरी कधी जायचं? कधी कधी तोवर प्रश्नच विसरलेला असे आणि ते हात खाली घेऊन अपराध्यासारखे हसत. मग तीही हसायची. त्या दिवसांत ती पुन्हा माणसात आली. रात्री बाबा जागले तरी दिवसा तिला थोडी उसंत मिळायची. वजन वाढलं. प्राचार्य म्हणाले, आता कशा दिसता मॅडम. दोघांची घडी बसली, असं तिला वाटायला लागलं होतं.

मावशी स्वयंपाक उरकून जायच्या आधी गॅसचा खालचा कॉक आठवणीनं बंद करायच्या. त्या दिवशी त्या गेल्यावर तिनंच घाईघाईत चहा केला, कप घेतला आणि टेबलाशी येऊन बसली. मुलांची परीक्षा तोंडावर होती. कॉक तिच्या डोक्यातून निघून गेला.

पानावरची रंध्रं कशी उघडतात आणि कशी मिटतात ते ती सांगत होती. विषय बाबांचा आवडता, तिचाही. एका मुलीनं चांगला प्रश्न विचारला होता आणि उत्तर देता देता ती रंगून गेली होती. काचेबाहेर हालचाल झाली म्हणून तिनं बघितलं. बाबा हात वर करून उभे होते. तिनं हसून पंजा दाखवला. त्यांनी मान हलवली. मग तिनं खुर्ची जरा वळवली, कारण उन्हाची तिरीप स्क्रीनवर येत होती, आणि काचेकडे तिची पाठ झाली. एरवी उजवा हात वर करणारे बाबा त्या दिवशी डावा हात वर करून उभे आहेत, हे तिला दिसलं होतं. त्याचा अर्थ डोक्यात शिरला नाही, एवढंच.

प्रश्न वाढत गेले. मुलं क्वचित अशी विचारतात. घंटेची वेळ टळून गेली तरी ती बोलत राहिली.

तास संपवून तिनं हेडफोन काढले आणि दार सरकवलं. बाबा तिथंच होते, तसेच, हात वर करून. चेहरा घामानं भिजला होता आणि ओठ पांढरे पडले होते.

“हं, बोला सर.”

बाबांनी वर केलेला हात खाली घेतला आणि पाठीमागे लपवलेला दुसरा पुढे केला. मनगटापासून बोटांपर्यंत तो लाल झाला होता आणि कातडीवर मोठाले फोड आले होते. शर्टाची बाही ओली होऊन अंगाला चिकटली होती.

“चहा आणत होतो मॅडम तुमच्यासाठी,” ते म्हणाले. “पाणी सांडलं.”

“अहो बाबा, हे केव्हा झालं?”

“तास चालू होता तेव्हा.”

“मग हाक का नाही मारलीत? दार का नाही वाजवलंत?”

पाठ केलेलं साधं उत्तर विसरलेल्या मुलीकडे बघावं तसं त्यांनी तिच्याकडे पाहिलं.

“चालू तासात?”

स्वयंपाकघरात गॅसवर रिकामं पातेलं तापून काळं पडलं होतं. ओट्यावर, जमिनीवर सगळीकडे पाणी होतं आणि त्या पाण्यात एक कप मात्र बशीवर नीट ठेवलेला होता. तिनं गॅस बंद केला. बाबांचा हात नळाखाली धरला. पाण्याची धार लागताच त्यांनी दात आवळले, पण आवाज काढला नाही. दवाखान्यात नेताना रिक्षात त्यांनी तो हात जपून समोर धरला होता. डॉक्टर जखम धुवायला लागले तेव्हा कुठे त्यांनी मान वळवून तिच्याकडे बघितलं. खरंच तिच्याकडे.

“ठमे,” ते म्हणाले, “दुखतंय गं.”

तिनं त्यांचं डोकं पोटाशी धरलं. इतक्या महिन्यांनी ओळखलं होतं त्यांनी तिला, आणि ते असं.

डॉक्टर भले होते. म्हणाले, थोडक्यात निभावलं समजा. मग पट्टी बांधता बांधता सहज बोलल्यासारखं त्यांनी विचारलं, “घरी यांच्याजवळ कोण असतं?”

“मी असते,” ती म्हणाली. “मी घरीच असते.”

धाकटा भाऊ दुसऱ्या दिवशी आला. तो दूरच्या शहरात राहायचा आणि आला की दोन दिवस घरात जोरजोरात बोलायचा, हे त्याचं प्रेम. या वेळी तो हळू बोलत होता. बाबा आत झोपले होते. मावशी निघायच्या बेतात होत्या, पण दाराशी रेंगाळल्या.

“ताई, आता पुरे झालं,” भाऊ म्हणाला. “मी एक जागा बघितलीय. अशाच माणसांसाठी आहे. दिवसरात्र माणसं असतात, नर्स असते, बाग आहे.”

“मी इतकी वर्षं केलं ना?”

“केलंस म्हणूनच म्हणतोय. मी काय केलं ते मला माहितीय, ते नको काढूस.”

“मी नोकरी सोडते.”

“आणि मग? घरात दोघं बसणार? रात्री ते झोपणार नाहीत, दिवसा तू. अजून एखाद्या वर्षानं मला दोघांसाठी जागा बघावी लागेल.”

“घरी माणूस ठेवू.”

“ठेवला होतास. बाबांनी त्याला वर्गाबाहेर काढलं. तूच सांगत होतीस हसून.”

ती मावशींकडे बघायला लागली. मावशी आपली बाजू घेतील असं तिला वाटलं होतं. त्यांनी पदरानं तोंड पुसलं.

“मी काय बोलणार, ताई,” त्या म्हणाल्या. “तुमच्यासारखी लेक मी नाही पाहिली. पण लेक झाली तरी तिला पाठ असतेच की. पाठीला डोळे कुठून आणायचे?”

हे ऐकल्यावर ती भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं, असं भावाला नंतर वाटलं. ती उठली आणि बाबांच्या कपाटातून शर्ट काढून एकेक इस्त्री करायला लागली. पायजमे तसेच ठेवले, शर्टांना मात्र कडक इस्त्री. इस्त्री करताना ती स्वतःशीच काहीबाही बोलत होती. मीच कॉक बंद केला नाही. मीच पाठ फिरवली. भाऊ म्हणाला, “ताई, असं नसतं गं.” ती म्हणाली, “असंच असतं.”

जायच्या दिवशी भावानं बाबांना सांगितलं, चला, हवापालटाला जाऊ. तिच्या तोंडून तेवढंही खोटं निघालं नाही. बाबा गाडीत खिडकीशी बसले, पट्टी बांधलेला हात मांडीवर घेऊन, आणि रस्त्याकडेची झाडं त्यांच्या लॅटिन नावांनी ओळखत गेले. एकही चुकलं नाही. तिथं पोचल्यावर त्यांनी नर्सला नमस्कार केला, खोली पाहिली, खिडकी उघडून बघितली आणि तिला म्हणाले, “मॅडम, तुम्ही निघा आता. तुमचा तास असेल.” ती निघाली. गाडीत बसेपर्यंत तिनं मागे वळून पाहिलं नाही, कारण पाहिलं असतं तर त्यांना घेऊन घरी आली असती, आणि घरी आणून पुन्हा काचेबाहेर उभं केलं असतं.

घर फार शांत झालं. बाल्कनीचं दार लावायची गरज उरली नाही. ती रात्री झोपू लागली, पोटभर आणि वेळेवर जेवू लागली, आणि या प्रत्येक गोष्टीचा तिला राग येत होता. सकाळी चहाचा पहिला घोट गरम लागला की तो गिळवत नसे. दुपारी तास संपला की ती सवयीनं बाहेर डोकावायची. मावशी आता खुशाल भांडी वाजवत, आणि मधेच थांबून म्हणत, “सवय गेली बघा माझी पण.”

मनःस्वास्थ्याचं पुढचं सत्र आलं. या वेळी समुपदेशक बाईंच्या मागे डोंगर होता. सगळ्यांना आपापले अनुभव सांगायचे होते.

“मॅडम, तुमच्यात किती छान फरक दिसतोय,” बाई तिचं नाव वाचून म्हणाल्या. “पहिल्या वेळी तर तुमचा कॅमेराच बंद होता. काय केलंत, आम्हाला पण सांगा ना.”

ती बाईंच्या मागच्या डोंगराकडे बघत राहिली. बाईंना वाटलं, तिचा आवाज बंद असेल.

“ऐकू येतंय,” ती म्हणाली. “तुम्ही सांगितलं तेच केलं. दार लावून घेतलं.”

“बघा,” बाई सगळ्यांना म्हणाल्या. “छोट्या गोष्टी असतात.”

त्यांचा काही दोष नव्हता. ती हसली, आणि नेट गेल्यासारखं दाखवून बाहेर पडली. उरलेली दुपार ती बाबांच्या पलंगावर नुसती बसून होती.

पहिले काही आठवडे भेटायला येऊ नका, त्यांना रुळू द्या, असं तिथल्या लोकांनी सांगितलं होतं. तिनं ते पाळलं. रोज फोन करायची. बरे आहेत, जेवतात, कुणाला त्रास देत नाहीत, हेच उत्तर मिळायचं. कुणाला त्रास देत नाहीत, हे ऐकलं की ती लगेच फोन ठेवायची.

भेटायची परवानगी मिळाली तेव्हा ती सुट्टी बघून एकटीच गेली. बाबा बागेत बाकावर बसले होते. कुणीतरी त्यांची दाढी नीट केली होती. शर्ट इस्त्रीचा नव्हता, पण बटणं गळ्यापर्यंत होती. हाताची पट्टी निघाली होती आणि तिथली नवी कातडी लहान मुलाच्या कातडीसारखी गुलाबी दिसत होती. ती समोर जाऊन उभी राहिली. बाबा सौजन्यानं सरकले.

“बसा ना. कुणाला भेटायला आलात?”

ती बसली. ‘तुम्हालाच, बाबा’ हे शब्द ओठांवर आले, पण त्यांच्या चेहऱ्यावर इतका निवांतपणा होता की तो मोडायचा धीर झाला नाही.

“इथं एक सर राहतात,” ती म्हणाली. “वनस्पतिशास्त्राचे. त्यांना.”

“चांगला विषय,” बाबा म्हणाले. “माझी मुलगी शिकवते तो.”

“हो?”

“हुशार आहे. माझ्यापेक्षा बरी शिकवते, पण हे तिला सांगू नका, चढून जाईल.” ते हसले. मग थोडं वाकून, गुपित सांगावं तशा आवाजात म्हणाले, “हल्ली घरूनच शिकवते. कॉलेज पडलंय म्हणे. आता घरात म्हातारा माणूस म्हटलं की हे हवं, ते नको, सारखं काहीतरी चालूच. तिचं लक्ष लागत नसे हो. बोलायची नाही कधी, पण वाळून चालली होती पोर. मला दिसत होतं ना.”

तिनं बाकाची कड घट्ट धरली.

“मग मीच ठरवलं, आपण जरा बाहेर राहावं. इथं बरं आहे. झाडं आहेत.”

“तिला सांगून आलात?” तिनं विचारलं. तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला.

“नाही, सांगता नाही आलं,” बाबा म्हणाले. “तास चालू होता तिचा.”

बागेत माळी पाणी घालत होता. आतून कुणीतरी जेवणासाठी हाका मारत होतं, पण बाबांनी तिकडे लक्ष दिलं नाही. ते फाटकाकडे बघत होते.

“संपला की येईल ती,” ते म्हणाले. “वेळेची पक्की आहे.”

“येईल ना,” ती म्हणाली.

“तुम्हाला घाई नसेल तर थांबा. ओळख करून देतो.”

तिनं डोळे पुसले, पर्स मांडीवर घेतली आणि त्यांच्यासारखीच फाटकाकडे तोंड करून बसून राहिली.